मेट्रो एक्सोडस: बंदूक खाली ठेवून खेळायचा शूटर

पहिल्या खेपेला मी व्होल्गा नदीवरचा पूल झाडून साफ केला होता. समोर जो दिसेल त्याला गोळी. हेडशॉट छान बसत होते, कलाश (कलाश्निकोव्ह रायफल) हातात होती आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो. मग पुढच्या दृश्यात माझ्या गाडीतला सगळ्यात हसरा पोरगा परत आलाच नाही. गेमने आधी कुठेही बजावलं नव्हतं. मी किती माणसं मारली, त्यातली किती शरण येत होती, हे तो मुकाट्याने लिहून ठेवत होता आणि हिशेब त्याने असा दिला.

मेट्रो एक्सोडस खेळायला घेणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवलेलं बरं. दिसायला शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, पण यात नेम चांगला असून फारसं भागत नाही. थांबायला, ऐकायला आणि काटकसर करायला जमलं, तर गेम जमतो. खाली मी ज्या क्रमाने खेळायला सांगतो आहे, तो दोन पूर्ण खेपा आणि एक अर्धवट सोडलेली खेप यांच्या अनुभवातून आलेला आहे. कथेतली मोठी वळणं शक्य तेवढी झाकून ठेवली आहेत. शेवट कशावर ठरतो ते मात्र सांगावंच लागेल. ते माहीत नसेल, तर बाकीच्या सूचना कशासाठी आहेत तेच कळणार नाही.

थोडी पार्श्वभूमी

२०१३ साली अणुयुद्ध झालं आणि मॉस्कोतले वाचलेले लोक भुयारी रेल्वेच्या स्थानकांत राहू लागले, ही मूळ कल्पना. दिमित्री ग्लुखोव्स्की या रशियन लेखकाच्या कादंबऱ्यांतून ती आली आणि कीव्हमध्ये सुरू झालेल्या फोर-ए गेम्स या युक्रेनियन स्टुडिओने तिचे गेम केले. पहिला २०१० साली आला, दुसरा २०१३ साली, आणि एक्सोडस हा तिसरा १५ फेब्रुवारी २०१९ रोजी. पहिले दोन मुख्यतः बोगद्यांत घडतात. तिसऱ्यात नायक आर्ट्योम, त्याची बायको अ‍ॅना आणि अ‍ॅनाचा बाप कर्नल मिलर, म्हणजे आर्ट्योमचा सासरा, एक वाफेचं इंजिन पळवून मॉस्कोबाहेर पडतात. इंजिनाचं नाव अरोरा. तिथून पूर्वेकडे वर्षभराचा प्रवास आहे. निघताना हिवाळा, व्होल्गावर बर्फ वितळायला लागलेलं, कॅस्पियनला रणरणता उन्हाळा, तैगाच्या जंगलात पानगळ आणि नोव्होसिबिर्स्कला पुन्हा बर्फ.

आधीचे दोन गेम खेळले नसतील तरी चालेल. सासरा-जावयात एवढा ताण का आहे आणि आर्ट्योम रोज उठून वर जमिनीवर का जातो, हे सुरुवातीच्या तासाभरात कळतं. वेळ असेल तर पहिल्या दोघांच्या २०१४ साली आलेल्या रिडक्स, म्हणजे सुधारलेल्या, आवृत्त्या आधी खेळा, पण तशी अट नाही. ते खेळून येणाऱ्यांसाठी एक खुलासा: तिथे चांगल्या प्रतीची काडतुसं हेच चलन होतं, दुकानं होती, घासाघीस होती. इथे दुकान नाही. जे हवं ते शोधायचं किंवा स्वतः बनवायचं.

सुरू करण्याआधीची मांडामांड

पीसीवर दोन आवृत्त्या मिळतात. मूळची साध्या ग्राफिक्स कार्डावर चालते. २०२१ च्या मे महिन्यात आलेल्या एन्हान्स्ड एडिशनला रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) करणारं कार्ड लागतंच. ते नसेल तर ती सुरूच होणार नाही, म्हणून खरेदी करताना विक्रीच्या पानावर खाली लिहिलेल्या अटी एकदा वाचा. जुन्या लॅपटॉपवर खेळणार असाल तर मूळ आवृत्ती घ्या, सावल्यांची आणि केसांची सेटिंग खाली आणा आणि टेक्श्चर जमेल तेवढं वर ठेवा. या गेमची अर्धी मजा भिंतींवरचे कागद, टेबलावरचे चहाचे पेले, गंजलेल्या नळ्या बघण्यात आहे. ते धूसर दिसले तर काय उपयोग?

मग आवाज. संवाद रशियन करा आणि सबटायटल इंग्रजी ठेवा. इंग्रजी संवादांत सगळे मुद्दाम रशियन हेल काढून बोलतात, आणि दहा मिनिटांत त्याचा कंटाळा येतो. रशियनमध्ये तीच माणसं घरातली वाटतात. एकच अडचण आहे. दोन-तीन माणसं एकदम बोलू लागली की सबटायटल वाचताना धांदल उडते. अशा वेळी आर्ट्योमला एका जागी उभं करून वाचत राहायचं. घाई कुणालाच नसते. हेडफोन मात्र लावाच. पहारेकरी डावीकडून खोकतोय की उजवीकडून, हे स्पीकरवर कळत नाही.

काठिण्यपातळ्या पाच आहेत. सगळ्यात सोपी आहे ती कथेसाठी खेळणाऱ्यांची, सगळ्यात अवघड रेंजर हार्डकोअर. पहिल्या खेपेला नॉर्मल घ्या. तीत गोळ्या इतक्याही मुबलक नसतात की तुम्ही बेफिकीर व्हाल, आणि इतक्याही कमी नसतात की एका चुकीने पंधरा मिनिटं मागे जाल. रेंजरमध्ये पडद्यावरची जवळपास सगळी माहिती गायब होते, किती गोळ्या उरल्या ते डोक्यात मोजावं लागतं. ती मजा दुसऱ्या खेपेची.

पहिला तास: हाताला वळण लावा

मॉस्कोचा भाग सरळ रेषेत जातो. तिथे चुकायला फारशी जागा नाही, म्हणून सवयी लावून घ्यायला हीच वेळ.

मनगटाकडे बघायची सवय पहिली. आर्ट्योमच्या डाव्या मनगटावर जे यंत्र आहे, त्यात विषारी हवेसाठीच्या मास्कच्या फिल्टरची उरलेली वेळ दिसते. त्यावरच एक छोटा निळा दिवा आहे. तो पेटलेला असेल तर तुम्ही उजेडात आहात आणि समोरच्याला दिसू शकता. विझला की अंधार तुमचा. लपतछपत जाण्याचं सगळं तंत्र या एका दिव्यावर उभं आहे आणि पहिल्यांदा खेळणारे नव्वद टक्के वेळा त्याच्याकडे बघतच नाहीत, असा माझा आपला अंदाज.

दुसरी सवय मास्कची. मास्क कधी घालायचा हे गेम सांगतो, पण कधी काढायचा हे तुम्ही ठरवायचं. स्वच्छ हवेत मास्क घालून हिंडलात तर फिल्टर फुकट जातो. गायगर काउंटरची (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची) कटकट थांबली, आर्ट्योमचा श्वास साधा झाला, की काढून ठेवा. काचेवर रक्त किंवा चिखल उडाला तर पुसता येतो. तडा गेला तर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेता येते.

तिसरी सवय टॉर्च चार्ज करायची. हातात धरायचा एक दाबयंत्रासारखा चार्जर असतो, त्याचा खटका दाबत राहिलं की बॅटरी भरते. टॉर्च मंद झाला की लोक तसेच पुढे जातात आणि नेमक्या वेळी अंधारात सापडतात. रिकाम्या खोलीत शिरलात की दहा-बारा वेळा खटका दाबायचा, संपलं. आणि टॉर्चखेरीज लायटरही आहे. कोळ्याची जाळी त्यानेच जळतात.

पाठपिशवी आणि कामाचं टेबल

या गेमचं सगळं अर्थकारण दोन वस्तूंवर चालतं: भंगार आणि रसायनं. ड्रॉवर, कपाटं, मेलेल्यांचे खिसे, उखडलेली रोपं, फुटकी उपकरणं, सगळीकडून तेवढंच मिळतं. त्यातून काय बनवायचं हा प्रश्न.

पाठीवरची पिशवी कुठेही उघडता येते. तिच्यात प्रथमोपचाराच्या पेट्या, फिल्टर आणि तिखार नावाच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीच्या पोलादी गोळ्या बनतात. बंदुकीचे भागही तिथेच बदलता येतात. म्हणजे दुर्बीण काढून सायलेन्सर लावायचा असेल, तर रानात झुडपामागे बसूनही होतं. कामाचं टेबल मात्र ठरावीक जागी असतं, सुरक्षित खोल्यांत आणि अरोरावर. नेहमीच्या बंदुकांची काडतुसं तिथेच बनतात आणि बंदूक साफही तिथेच होते.

ही साफसफाई विसरू नका. बंदूक मळते, आणि मळलेली बंदूक अडकते. आणि ती कधी अडकेल? दारामागून दोन जनावरं एकदम अंगावर आली की. म्हणून टेबल दिसलं रे दिसलं की आधी साफ करायची, मग बाकीचं. रसायनं थोडी खर्च होतात. होऊ द्या.

खर्चाचा माझा क्रम असा आहे. पाच-सहा प्रथमोपचार पेट्या कायम जवळ. फिल्टरचा साठा बाहेरच्या भागात कधीच पूर्ण संपू द्यायचा नाही. उरलेल्या सगळ्या भंगारातून तिखारच्या गोळ्या. कलाशची काडतुसं विकत घेतल्यासारखी टेबलावर बनवत बसलात तर रसायनं संपतील आणि जखमेवर लावायला काही उरणार नाही. ती शत्रूच्या बंदुकांमधून काढून घ्यायची.

तसंच, पडलेली प्रत्येक बंदूक तपासा. तुमची शॉटगन तुम्हाला आवडते म्हणून दुसरी बघायचीच नाही असं करू नका. तिच्यावर तुमच्याकडे नसलेली नळी किंवा दुर्बीण असेल तर तो भाग काढून घेता येतो, आणि बंदूक तिथेच टाकून देता येते. सगळ्या सुट्या भागांचा संग्रह असाच जमतो.

कोणती बंदूक

तीन कप्पे असतात. एकात बहुतेक वेळ तिखार. ती व्होल्गाच्या भागात मिळते, तिचा आवाज कमी, आणि तिच्या गोळ्या तुम्हाला कुठेही बनवता येतात. तिच्यावर दाब मात्र भरावा लागतो. दाब कमी असेल तर गोळी नुसती टोचते. दुसऱ्या कप्प्यात जवळच्या जनावरांसाठी शॉटगन: सुरुवातीला अशॉट, मग शॅम्बलर. तिसरा कप्पा मी प्रसंगानुसार बदलतो. उघड्या मैदानात लांबून मारायला व्हॉल्व, बोगद्यात कलाश. तैगात हेल्सिंग हा धनुष्यासारखा प्रकार हाती येतो आणि त्या भागासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बाण पुन्हा उचलता येतात.

बास्टर्ड नावाची एक सबमशीनगनही भेटते. तिचं नाव तिला शोभतं. ती तापते, अडकते आणि कुठेही गोळ्या फेकते. मी एकदाही जवळ ठेवली नाही. काही जणांना ती आवडते, त्यांना माझा नमस्कार.

व्होल्गा: इथे गेम खरा सुरू होतो

पुलाने रस्ता अडवलेला आहे. अरोरा थांबते. समोर वितळणाऱ्या बर्फाची नदी, बेटं, चर्च, क्रेन, आणि विजेला पाप मानणारा एक पंथ. त्यांचा पुढारी सिलांतियस. हे लोक महाकाय माशाची पूजा करतात. मासा खरोखर आहे आणि होडी उलटवू शकतो, म्हणून पाण्यातून जाताना गोळीबार करू नका.

गाडीतून उतरल्यावर सरळ मोहिमेच्या ठिपक्याकडे धावू नका. नकाशा कागदी आहे, आर्ट्योम तो एका पाटीवर लावून हातात धरतो. त्यावर सुरुवातीला फारसं काही नसतं. उंचवट्यावर चढून दुर्बिणीने चारी बाजू न्याहाळा, बघितलेल्या जागा नकाशावर खुणा होऊन उमटतात. पहिली वीस मिनिटं मी फक्त हेच करतो. माझी आई मागून बघत होती, ती म्हणाली, "अरे हा नुसता उभाच आहे की." तिला सांगितलं की हीच खरी लढाई आहे. तिला पटलं नाही.

चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना बंदूक म्यान करा. या गेममध्ये शस्त्र खाली ठेवण्यासाठी वेगळं बटन आहे आणि ते उगीच दिलेलं नाही. लोक तुमच्या हाताकडे बघतात. रिकाम्या हाताने आलेल्याला बरेच जण बोलू देतात. इथेच कात्या आणि तिची लहान मुलगी नास्त्या भेटतात. त्यांना नीट ऐकून घ्या. पुढे याच दोघी गाडीत येतात.

नास्त्याचं टेडी अस्वल हरवलेलं आहे. त्याचा आणि गाडीतल्या स्तेपान या सोबत्यासाठी गिटार शोधण्याचा उल्लेख अरोरावरच्या बोलण्यात येतो. बोलणं अर्धवट टाकून निघालात तर हे कळतच नाही. टेडी एका उडणाऱ्या राक्षसाच्या घरट्याजवळ आहे, तेव्हा दिवसा जाताना आकाशाकडे लक्ष ठेवा आणि मोकळ्या जागा पटकन ओलांडा. अस्वल आणून दिल्यावर पोरीच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याच्यासाठी मी पुन्हा तेवढी गोळी-काडतुसं खर्च करीन.

रात्री की दिवसा? सुरक्षित खोल्यांत आणि गाडीत बिछाना असतो, त्यावर झोपून वेळ बदलता येते. माणसांच्या तळावर जायचं असेल तर रात्री जा. अंधार जास्त, काही पहारेकरी झोपलेले. रानातून लांब जायचं असेल तर दिवसा, कारण रात्री जनावरं बाहेर पडतात. वॉचमन नावाचे कुत्र्यासारखे प्राणी टोळीने येतात. पहिला ओरडला की बाकीचे येणार, म्हणून पाठ भिंतीला लावून शॉटगन घ्या, किंवा सरळ उंचावर चढा.

पुलावरचा प्रसंग मात्र सावकाश खेळायचा. तिथे हा क्रम वापरा.

आत शिरण्याआधी क्विकसेव्ह, म्हणजे आहे त्या जागी गेम साठवून ठेवा. मग दुर्बिणीने दिवे मोजा. लटकणारे दिवे हाताने काढता येतात, काही ठिकाणी भिंतीवरच्या एका खटक्याने संपूर्ण खोली अंधारी होते. अंधार केला की लगेच पुढे जाऊ नका. दिवा का गेला ते बघायला कुणीतरी येतो. तो येऊ द्या, मागून जा आणि बेशुद्ध करा. बेशुद्ध करण्याचं आणि ठार मारण्याचं बटन वेगळं आहे, अंगठ्याला योग्य बटन पाठ करा. मी एकदा घाईत चुकीचं दाबलं आणि मग अर्धा तास मागे गेलो. डबा फेकून आवाज केला की लोक तिकडे बघायला जातात. डबे जपून वापरा, पण वापरा.

गोंधळ झाला आणि गोळीबार सुरू झालाच, तरी सगळं संपलं असं नाही. पुरेसे साथीदार पडले की उरलेले हात वर करतात. त्या क्षणी बोट ट्रिगरवरून काढा. शरण आलेल्याला मारलं, की तुमच्या नावावर ते कायमचं लिहिलं जातं.

डाकूंशी वागताना एवढी चिंता करायची का? मला विचाराल तर सगळ्यांनाच बेशुद्ध करत जा. कोण पंथाचा, कोण डाकू, कुणाचा गुण कापला जाईल, हा हिशेबच मग ठेवावा लागत नाही.

तीन मित्र

इथपर्यंत आलात म्हणजे आतल्या हिशेबाबद्दल सांगायला हरकत नाही. तीन मोठ्या मोकळ्या भागांत तुमच्यासोबत एकेक सोबती बांधलेला आहे: व्होल्गावर ड्यूक, कॅस्पियनला दामिर, तैगात अल्योशा. त्या भागात तुम्ही स्थानिक माणसांशी कसे वागलात, त्यावर तो सोबती शेवटपर्यंत गाडीत राहतो की नाही ते ठरतं. तिघांपैकी किमान दोघे राहिले तर चांगला शेवट मिळतो. पडद्यावर याचा कुठलाही आकडा दिसत नाही, आणि ते मला बरोबर वाटतं. आकडा दाखवला असता तर लोक गुण गोळा करत हिंडले असते.

म्हणजे एका भागात चूक झाली तर घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. एक चूक माफ आहे. दोन नाहीत.

यामंताऊ आणि त्यापुढे

व्होल्गा आणि कॅस्पियनमध्ये यामंताऊ डोंगराखालचा सरकारी बंकर येतो. सरळ रस्ता, भरपूर गोळीबार, आणि इथे हात सैल सोडता येतो. काय आहे ते सांगत नाही. आत गेल्यावर जेवायला बोलावलं तर मात्र सावध राहा.

कॅस्पियन: उन्हात घाई करू नका

समुद्र आटलेला आहे. वाळूत जहाजं उभी आहेत. तुम्हाला तेलासाठी, पाण्यासाठी आणि एका जुन्या उपग्रह केंद्रातल्या नकाशांसाठी हिंडायचं आहे. इथे एक गाडी मिळते, तिच्यामुळे बरं वाटतं, पण इंजिनाचा आवाज लांब जातो. तळाच्या बराच आधी गाडी उभी करून पायी जा.

इथली गोष्ट वेठबिगारांची आहे. बॅरन म्हणवून घेणाऱ्याच्या टोळीने लोकांना गुलाम केलं आहे. हे लोक तळांत काम करताना दिसतात, आणि लांबून ते शत्रूच वाटतात. इथे बहुतेकांचा दामिर जातो. म्हणून नियम साधा ठेवा. मास्क आणि शस्त्र नसलेल्या माणसावर गोळी झाडायची नाही. लांबून बंदुकीच्या दुर्बिणीतून बघायचं, अंगावर फाटके कपडे असतील, हातात काही नसेल, तर तो गुलाम. पिंजऱ्यात किंवा साखळीत असलेले लोक दिसले तर आधी पहारा हटवा आणि मग सोडवा. सोडवल्यावर लगेच निघून जाऊ नका, कधी कधी ते एखादी जागा सांगतात.

दीपगृहात जिउल भेटते. तिच्याशी बोलणं पूर्ण होऊ द्या. तिच्या आईची एक वस्तू उपग्रह केंद्रात सापडते, ती आठवणीने उचला.

ते उपग्रह केंद्र म्हणजे माझं सगळ्यात नावडतं ठिकाण. खाली अंधार, आणि त्यात माणसाएवढे कोळी. यांच्यावर गोळ्या वाया घालवू नका, प्रकाशाने भाजतात. टॉर्च आधीच पूर्ण भरून घ्या, वाटेतल्या जाळ्यांना लायटर लावा, आणि कोळी चालून आला तर टॉर्चचा झोत त्याच्यावर धरून मागे सरका. पाठ उलटी झाली की तो मरतो. पळालात तर ते मागून येतील. जनरेटर किंवा दिवे सुरू करता आले तर आधी ते करा, मग पुढची खोली.

तैगा: मुलांच्या जंगलात

इथे हत्यारं जवळपास काढून घेतली जातात, म्हणून मनाची तयारी ठेवा. जंगलात राहणारे लोक म्हणजे युद्धाच्या वेळी शिबिरात असलेली शाळकरी मुलं, त्यांच्या शिक्षकाने वाढवलेली आणि आता मोठी झालेली. त्यांचे दोन गट आहेत, पायोनियर आणि पायरेट. तुम्ही त्यांच्या हद्दीत घुसलेले परके आहात. हे समजल्यावर बंदूक उचलायची इच्छाच उरत नाही. इथे मी एकालाही मारलं नाही आणि तरीही सगळा भाग पार करता आला, म्हणून तुम्हालाही सांगतो आहे की ते शक्य आहे.

झाडीतून जायचं, उघड्या पायवाटा टाळायच्या, वरच्या दोऱ्यांच्या वाटा शोधायच्या. बाण-धनुष्याचे पहारेकरी मचाणांवर बसतात, त्यांच्या खालून सरळ जायचं नाही. दोन माणसं बोलत उभी असतील तर त्यांचं बोलणं संपू द्या, ती बऱ्याचदा आपोआप वेगळी होतात. आणि ते जे बोलतात, ते ऐकण्यासारखं असतं. या गेममध्ये सगळ्यात चांगलं लिखाण या पोरांच्या गप्पांत आहे.

अस्वल भेटेल. पहिल्या भेटीत लढायचा प्रयत्न करू नका, पळा. नंतर त्याचा हिशेब होतो, त्यासाठी काही जड काडतुसं आणि आगीच्या बाटल्या राखून ठेवा. लांडगे टोळीने येतात तेव्हा झाडावर किंवा छपरावर चढलात की हळूहळू निघून जातात.

नोव्होसिबिर्स्क: साठवलेलं खर्च करायची जागा

मॉस्कोपासून वाचवलेले फिल्टर, काडतुसं, पेट्या, सगळं इथे खर्च होणार. किरणोत्सर्ग इतका आहे की मास्क काढायचा प्रश्नच येत नाही. शेवटी नवीन काही बनवायची संधी कमी मिळते, म्हणून तैगातून निघताना अरोरावरच्या टेबलावर फिल्टर भरून घ्या. जवळच्या लढाईसाठी शॉटगनची काडतुसं जास्त ठेवा.

इथले आंधळे जीव मोठे असतात आणि त्यांना दिसत नाही. ते जवळ आले की पावलं टाकू नका. उभे राहा, श्वास रोखल्यासारखे. आर्ट्योमच्या डोक्यात काहीतरी घडायला लागेल, पडदा विचित्र होईल, तरीही हलू नका. माझा हात माऊसवर इतका घट्ट आवळला होता की नंतर बोटं दुखली.

एका छोट्या मुलाची आणि त्याच्या वडिलांची गोष्ट या शहरात आहे. ती सांगत नाही. रेंगाळून ऐका.

आणि गाडीत

हे मुद्दाम शेवटी ठेवलं. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना अरोरावर प्रवासाचे टप्पे असतात. दिवस उजाडतो, खिडकीबाहेर रान जातं. पुढचं मिशन लगेच सुरू करण्याची सोय असते आणि घाईतले लोक ती वापरतात. वापरू नका. तोकारेव्हला हत्यारांबद्दल काहीतरी सांगायचं असतं. स्तेपान गिटार वाजवतो, त्याच्या शेजारी बसलं तर तुम्हीही हात लावू शकता. मिलर सासरा म्हणून कडक आहे, पण त्याच्यासोबत सिगारेट ओढायला बसलात तर थोडा वितळतो. अमेरिकन सॅम आपल्या घरची आठवण काढतो. रेडिओचा खटका फिरवत राहिलं की कुठून कुठून आवाज येतात. अ‍ॅनाशेजारी जाऊन बसा, ती बोलेल, आर्ट्योम नेहमीसारखा गप्प राहील.

मला हे टप्पे आमच्या जुन्या गाडीच्या रात्रीच्या प्रवासासारखे वाटतात. खाली डबा उघडलेला, वर कुणीतरी घोरत असलेलं, आणि एक काका अनोळखी माणसाला आपली सगळी कहाणी सांगत असलेले. पहिल्या खेपेला मी हे सगळं पाचेक मिनिटांत उरकलं होतं. दुसऱ्या खेपेला ड्यूकच्या समोर बराच वेळ नुसता बसलो होतो. तो काहीतरी विनोद सांगत होता, सबटायटल नीट वाचलंही नाही.